ध्वनिपाठ कोणत्या फॉरमॅटमध्ये ठेवावा? सगळ्या फोनवर आणि संगणकांवर वाजणारा आवाज



आजचा पाठ आवाजाच्या फाइलींबद्दल आहे. कविता, गोष्टी, पाढे, शब्दवाचन असं बरंच काही आपण आता रेकॉर्ड करून मुलांना देतो. कुणी स्क्रॅचमध्ये खेळ बनवतं, कुणी प्रश्नमंजूषेचं वेबपान बनवतं, कुणी नुसती फाइल वर्गाच्या गटावर टाकतं. आपल्या फोनवर ते छान वाजतं. दुसऱ्या दिवशी वर्गात विचारलं की मात्र चार-पाच हात वर होतात, "सर, आमच्या फोनवर आवाजच आला नाही."

आमच्या उचगावात हा प्रश्न चांगलाच जाणवतो. शेजारी कोल्हापूर शहर, पलीकडे गांधीनगरची बाजारपेठ, लगत पुणे-बंगळुरू महामार्ग. वर्गातल्या मुलांची घरं वेगवेगळी, तसे त्यांच्या घरातले फोनही वेगवेगळे. शाळेतला एक संगणक जुन्या विंडोजचा, दुसरा लिनक्सचा, बाबांच्या खिशात स्वस्तातला अँड्रॉइड आणि मामाकडे आयफोन. एकच पाठ या सगळ्यांवर वाजायला हवा. असं सगळीकडे चालणारं सॉफ्टवेअर बनवण्याला क्रॉस-प्लॅटफॉर्म म्हणतात. त्यात चित्रं आणि अक्षरं सहसा अडत नाहीत, आवाज मात्र अडतो.

उत्तर आधीच सांगून टाकतो. मूळ रेकॉर्डिंग वेव्हमध्ये जपून ठेवा. मुलांना द्यायची प्रत एमपी३ मध्ये, मोनो, निदान ६४ किलोबिटवर काढा. खेळातले टिचकी-टाळीसारखे छोटे आवाज वेव्हमध्येच राहू द्या. बाकीचा लेख म्हणजे हे असं का, याचं उत्तर आहे.

चार आणि चारा

फॉरमॅट हा संगणकवाल्यांचा विषय आहे, भाषेच्या शिक्षकाला त्याचं काय, असं वाटू शकतं. म्हणून आधी मराठीचंच उदाहरण घेऊ.

'चार' आणि 'चारा' हे दोन शब्द मोठ्याने म्हणून बघा. अक्षर एकच, 'च'. पण आकडा म्हणताना जीभ टाळूकडे जाते आणि जनावरांचा चारा म्हणताना ती दातांपाशी येते. 'चिमणी' आणि 'चाक', 'जीभ' आणि 'जाड' यांचंही तसंच. पुस्तकात हा फरक दिसत नाही, कारण आपल्या लिपीत दोन्हींना एकच अक्षर आहे. मराठी घरातलं मूल तो ऐकून शिकतं. आमच्या भागात सिंधी, कन्नड किंवा हिंदी बोलणाऱ्या घरांतली मुलंही मराठी शाळेत येतात. त्यांना घरी हा फरक ऐकायला मिळेलच असं नाही. त्यांच्यासाठी बाईंचा आवाज हेच पाठ्यपुस्तक असतं.

आता गंमत बघा. 'स', 'श', 'च', 'ज' यांमधला फरक आवाजातल्या बारीक, सळसळणाऱ्या भागात असतो. 'स' म्हणताना जी हवा घासत जाते, तिचा बराचसा जोर ४,००० हर्ट्झच्या वर असतो. 'श' चा जोर त्याहून खालून सुरू होतो. जुन्या पद्धतीच्या टेलिफोनवर साधारण ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढाच पट्टा पोचतो. म्हणून तर फोनवर नाव सांगताना आपण "स सशातला", "श शहामृगातला" असं सांगतो! रेकॉर्डिंगचा फॉरमॅट चुकीचा निवडला तर तीच गत होते. बाईंनी कितीही स्पष्ट म्हटलं तरी 'चारा' आणि 'चार' मधला फरक फाइलमध्येच पुसट होतो, आणि मूल पुसटच शिकतं.

आवाजाचे आकडे कसे होतात?

संगणकाला आवाज कळत नाही, आकडे कळतात. माइकमधून येणारी लाट तो एका सेकंदात हजारो वेळा मोजतो. प्रत्येक मोजणीला नमुना म्हणतात. ऑडिओ सीडीसाठी हा दर सेकंदाला ४४,१०० ठरला आणि प्रत्येक नमुना १६ बिटांत, म्हणजे २ बाइटांत लिहायचा असं ठरलं.

इथे एक नियम लक्षात ठेवा. जितक्या हर्ट्झपर्यंतचा आवाज टिपायचा, त्याच्या दुपटीहून जास्त नमुने सेकंदाला घ्यावे लागतात. सेकंदाला ८,००० नमुने घेतले तर ४,००० हर्ट्झच्या वरचं काहीच टिपलं जात नाही. म्हणजे 'स' चा मोठा भाग तिथेच गेला. ४४,१०० नमुने घेतले तर माणसाच्या कानाला ऐकू येणारा जवळजवळ सगळा पट्टा येतो.

आता हिशेब. गणिताच्या तासालाही हा घेता येईल.

एका सेकंदाला ४४,१०० नमुने × २ बाइट = ८८,२०० बाइट.
एका मिनिटाला ८८,२०० × ६० = ५२,९२,००० बाइट, म्हणजे सुमारे ५.३ एमबी.
डावा आणि उजवा असे दोन आवाज, म्हणजे स्टिरिओ घेतला, तर याच्या दुप्पट.

चार मिनिटांची गोष्ट मोनोमध्ये ठेवली तरी २१ एमबीच्या वर जाते. ज्या घरात एकच फोन आहे, त्याची मेमरी भरलेली आहे आणि रोजचा नेट पॅक संध्याकाळपर्यंत संपतो, तिथे ही फाइल कुणी उतरवून घेणार नाही. म्हणून आवाज दाबून लहान करावा लागतो.

रस आणि गूळ

आवाज लहान करायच्या दोन तऱ्हा आहेत.

पहिली तऱ्हा म्हणजे साडीची घडी. सहावारी साडी घडी घालून कपाटात ठेवली तर जागा कमी लागते आणि उलगडली की साडी जशीच्या तशी मिळते. फ्लॅक हा फॉरमॅट असा आहे. फाइल लहान होते आणि उलगडल्यावर एकही आकडा बदललेला नसतो. पण घडी घालून किती लहान होणार? फार तर निम्म्याच्या आसपास.

दुसरी तऱ्हा म्हणजे गूळ. आपल्या कोल्हापूरच्या माणसाला हे समजावून सांगायला नको. काहिलीभर रस आटवला की थोडासा गूळ उरतो. गोडी राहते, नेआण सोपी होते. पण गुळात पाणी घातलं म्हणून पुन्हा ताजा उसाचा रस मिळत नाही. एमपी३, एएसी, ऑग व्हॉर्बिस आणि ओपस हे सगळे गुळासारखे आहेत. माणसाच्या कानाला जे जाणवणार नाही, ते शोधून ते काढून टाकतात. काढलेलं परत येत नाही.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, एमपी३ ची वेव्ह केली म्हणून दर्जा सुधारत नाही, फक्त फाइल फुगते. दुसरी, एमपी३ उघडून, कापून, पुन्हा एमपी३ करणं म्हणजे गूळ वितळवून पुन्हा आटवणं. दर खेपेला थोडं आणखी जळतं आणि बारीक सळसळ आधी जाते. म्हणून काटछाट करायची ती मूळ वेव्हवरच.

डबा वेगळा, डब्यातला पदार्थ वेगळा

फाइलच्या नावातला टिंबानंतरचा भाग म्हणजे डब्यावरची चिठ्ठी. डबा कोणता हे ती सांगते. आत काय भरलंय ते कधी कधी वेगळंच असतं. एम४ए नावाच्या डब्यात बहुतेक वेळा एएसी असतं. ऑग डब्यात व्हॉर्बिस असेल किंवा ओपसही असेल. फोनला डबा उघडता आला पाहिजे आणि आतला पदार्थ पचलाही पाहिजे, तरच आवाज येतो.

यावरून हेही कळेल की फाइलचं नुसतं नाव बदलून फॉरमॅट बदलत नाही. चिठ्ठी बदलली म्हणून आमटीची खीर होत नाही. काही प्लेअर हुशार असतात, आत डोकावून बघतात आणि वाजवतात. काही नुसत्या चिठ्ठीवर विश्वास ठेवतात आणि गप्प बसतात. त्यामुळे "माझ्या फोनवर तर चालतंय" हा पुरावा होत नाही.

नेहमी भेटणारे फॉरमॅट

वेव्ह: मायक्रोसॉफ्ट आणि आयबीएमने १९९१ मध्ये आणला. आत सहसा न दाबलेले आकडे असतात. जवळजवळ सगळीकडे वाजतो. आकार मोठा.

एमपी३: जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेचा यात मोठा वाटा. १९९३ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक म्हणून छापला गेला. तो घडवताना सुझान व्हेगा या गायिकेचं वाद्यांशिवाय गायलेलं एक गाणं चाचणीसाठी पुन्हा पुन्हा वापरलं गेलं, कारण एकट्या माणसाच्या आवाजातली खोट कानाला लगेच कळते. आपल्या कामाची गोष्ट ही की आपणही एकटाच आवाज रेकॉर्ड करत असतो.

एएसी: एमपी३ नंतरचा, १९९७ चा. त्याच आकारात जास्त चांगला आवाज देतो. आयफोनचं आणि बऱ्याच अँड्रॉइड फोनचं रेकॉर्डिंग एम४ए डब्यात एएसी म्हणूनच होतं.

ऑग व्हॉर्बिस: कुणाच्याही परवान्याशिवाय वापरता यावा म्हणून बनवलेला. पहिली पूर्ण आवृत्ती २००२ ची. खेळ बनवणाऱ्यांचा आवडता.

ओपस: २०१२ मध्ये इंटरनेटचं मानक झाला. अगदी कमी जागेत बोलणं स्पष्ट ठेवतो. व्हॉट्सॲपवर बटण दाबून जो निरोप बोलतो, तो ओपसमध्येच जातो.

एएमआर: मोबाइलवर बोलण्यासाठी बनवलेला. याच्या साध्या प्रकारात सेकंदाला ८,००० च नमुने असतात. जुन्या फोनचे रेकॉर्डर हाच वापरायचे. फाइल इवलीशी, मिनिटाला ९० केबीच्या आसपास. निरोपाला ठीक, उच्चार शिकवायला अजिबात नको.

सगळं सगळीकडे का वाजत नाही?

याचं कारण नुसतं तंत्रज्ञानाचं नाही, परवान्याचंही आहे. आणि त्याचा एक धागा आपल्या महाराष्ट्रातल्या एका छोट्या शाळेपर्यंत येतो.

रायगड जिल्ह्यात कर्जतजवळ खैराट नावाची वाडी आहे. 'वन लॅपटॉप पर चाइल्ड' या जगभर गाजलेल्या योजनेचा भारतातला पहिला प्रयोग २००७ मध्ये तिथल्या शाळेत झाला. मुलांच्या हाती हिरवे-पांढरे छोटे लॅपटॉप आले. त्यातलं सॉफ्टवेअर लिनक्सवर चालणारं आणि मुक्त होतं. त्या वेळी एमपी३ वर पेटंट होती. वाजवणारं सॉफ्टवेअर वाटायचं तर परवान्याचा प्रश्न येई. म्हणून त्या लॅपटॉपवर मुळात ऑग वाजायचं, एमपी३ नाही. बाहेर सगळं जग एमपी३ वर गाणी ऐकत होतं, आणि मुलांसाठीच बनवलेल्या यंत्राला तो फॉरमॅट येत नव्हता. यात चूक कुणाची नव्हती. आवाज बनवणाऱ्याला ऐकणाऱ्याचं यंत्र माहीत असावं लागतं, एवढाच याचा धडा.

ब्राउझरमध्येही तेच घडलं. २००९ मध्ये फायरफॉक्सच्या ३.५ आवृत्तीत वेबपानावर थेट आवाज वाजवायची सोय आली, ती ऑग आणि वेव्हसाठी. ॲपलच्या सफारीत मात्र एमपी३ आणि एएसी चालायचं, ऑग नाही. मग वेबपान बनवणाऱ्यांनी प्रत्येक आवाजाच्या दोन फाइली ठेवायला सुरुवात केली.

पुढे पेटंटची मुदत संपत गेली. २३ एप्रिल २०१७ रोजी एमपी३ चा परवाना कार्यक्रमच बंद झाला. तेव्हा "एमपी३ मेला" अशा बातम्या आल्या होत्या. खरं तर उलट झालं, तो सगळ्यांसाठी मोकळा झाला. लिनक्सच्या वितरणांनी तो आत घेतला, ब्राउझरनीही घेतला. ऑग मात्र सफारीत यायला २०२५ मधली १८.४ ही आवृत्ती उजाडली. म्हणजे त्याआधीचं सॉफ्टवेअर असलेल्या आयफोनवर तुमचं ऑगवालं वेबपान आजही मुकंच राहील. विंडोज ७ च्या मूळ मीडिया प्लेअरलाही ऑग येत नाही.

म्हणून आज "सगळीकडे वाजेल असं एकच काय?" असं विचारलं तर उत्तर एमपी३. ओपस आणि एएसी त्याच्यापेक्षा सरस आहेत, यात वाद नाही. पण आपल्या वर्गातला सगळ्यात जुना फोन आणि सगळ्यात जुना संगणक कोणता, हे बघून निवड करायची असते. सर्वांत सरस फाइल एका मुलाकडे मुकी राहिली, तर त्या मुलापुरता पाठ झालाच नाही.

केसरबाईंची तबकडी

ऐकणाऱ्याचं यंत्र माहीतच नसेल तर काय करायचं? याचं मोठं सुंदर उदाहरण आपल्या संगीतात आहे. कोल्हापूर दरबारचे गायक अल्लादियाँ खाँ यांच्या शिष्या, गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाई केरकर. त्यांची 'जात कहाँ हो' ही भैरवी अमेरिकेच्या व्हॉयेजर यानांवरच्या सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीवर आहे. व्हॉयेजर १ यान १९७७ साली ५ सप्टेंबरला, म्हणजे आपल्या शिक्षक दिनी, निघालं.

ती तबकडी कधीकाळी कुणाला सापडली, तर त्याच्याकडे ग्रामोफोन असणार नाही हे पाठवणाऱ्यांना ठाऊक होतं. म्हणून त्यांनी तबकडीबरोबर वाजवायची सुई पाठवली आणि वेष्टनावर ती कशी आणि किती वेगाने फिरवायची याच्या आकृत्या कोरल्या. वेग मिनिटाला १६ पूर्णांक २/३ फेऱ्या. म्हणजे नुसता आवाज पाठवून काम भागत नाही, तो वाजवायची सोयही बरोबर द्यावी लागते. आपल्या सॉफ्टवेअरमध्येही असंच करता येतं. जे सॉफ्टवेअर स्वतःच आवाज उलगडणारा भाग बरोबर घेऊन येतं, ते फोनमधल्या सोयींवर अवलंबून राहत नाही. व्हीएलसी प्लेअर जवळजवळ सगळं वाजवतो तो त्यामुळेच. पण पन्नास पालकांना "आधी हे ॲप घाला" असं सांगण्यापेक्षा सगळ्यांना येतो तो फॉरमॅट देणं आपल्याला सोपं.

कुठे काय वापरायचं?

आता प्रत्यक्ष कामाकडे येऊ.

१. फोनवर पाठवायची गोष्ट किंवा कविता. एमपी३, मोनो, ६४ किलोबिट. मिनिटाला ४,८०,००० बाइट, म्हणजे अर्ध्या एमबीपेक्षा कमी. वेव्हच्या अकरापट लहान. चार मिनिटांची गोष्ट दोन एमबीच्या आत बसते. व्हॉट्सॲपवर पाठवताना ती डॉक्युमेंट म्हणून जोडा, म्हणजे फाइल आहे तशीच पोचते.

२. उच्चारांचे सुटे शब्द. चार, चारा, साल, शाल, तास, ठसा. इथे काटकसर नको. ९६ किंवा १२८ किलोबिट ठेवा. दोन सेकंदांचे पन्नास शब्द मिळून शंभर सेकंद होतात. ९६ किलोबिटवर ते सगळे मिळून १२ लाख बाइट, म्हणजे सव्वा एमबीच्या आतच बसतात. मग कंजुषी कशाला?

३. स्क्रॅचचा खेळ. स्क्रॅच ३ वेव्ह आणि एमपी३ घेतो. एम४ए थेट घेत नाही, म्हणून फोनवरचं रेकॉर्डिंग आधी बदलून घ्यावं लागतं. टाळी, घंटा, "शाब्बास!" असे छोटे आवाज वेव्हमध्ये ठेवा.

४. पुन्हा पुन्हा फिरणारा ठेका. कवितेमागे तबल्याचा ठेका किंवा लेझीमचा ताल ठेवायचा असेल तर एमपी३ टाळा. एमपी३ आवाजाचे ११५२ नमुन्यांचे तुकडे पाडून काम करतो आणि सुरुवातीला थोडी शांतता भरतो. एकदा वाजवताना ती कळत नाही. पण ठेका गोल फिरवला की दर आवर्तनाला सम किंचित उशिरा येते, आणि मुलांच्या टाळ्या चुकतात. इथे वेव्ह वापरा, किंवा सॉफ्टवेअरला येत असेल तर ऑग.

५. वेबपान. एमपी३ एकटा पुरतो. दोन फाइली ठेवायच्याच असतील तर ऑडिओच्या टॅगमध्ये एकाखाली एक लिहाव्या. ब्राउझर वरून खाली बघत जातो आणि पहिली जी वाजवता येईल ती घेतो. म्हणून लहान ओपस वर, हमखास वाजणारी एमपी३ खाली.

६. पायथन शिकणारी मोठी मुलं. पायथनबरोबर येणारं विनसाउंड फक्त वेव्ह वाजवतं, आणि तेही फक्त विंडोजवर. मुलाने घरी लिहिलेला प्रोग्राम शाळेच्या लिनक्सवर चालायला हवा असेल तर पायगेम वापरा. त्याच्या साउंड भागासाठी वेव्ह आणि ऑग हे भरवशाचे.

फॉरमॅट बरोबर, तरी आवाज नाही?

दर वेळी दोष फॉरमॅटचा नसतो. आधी हे तपासा.

पान उघडताच आवाज सुरू होत नाही. ब्राउझर मुद्दामच अडवतात. क्रोमने २०१८ पासून हा नियम केला आहे की वापरणाऱ्याने काही दाबल्याशिवाय आवाज वाजणार नाही. म्हणून पानावर "ऐका" असं मोठं बटण ठेवा. मुलांनाही ते सोयीचं.

विंडोजवर वाजतं, पण इंटरनेटवर चढवल्यावर नाही. इंग्रजी मोठी आणि लहान अक्षरं विंडोजला सारखीच, लिनक्सला आणि बहुतेक सर्व्हरना वेगळी. फाइलच्या नावात सगळी अक्षरं लहान ठेवा.

नावात देवनागरी किंवा मोकळी जागा आहे. झिप करून पाठवल्यावर अशी नावं कधी कधी चौकोन होऊन येतात आणि प्रोग्रामला फाइल सापडत नाही. नाव इंग्रजी अक्षरं, अंक आणि खालची रेघ यांतच ठेवा. मुलांना दिसणारं शीर्षक मात्र मराठीतच लिहा, ते तर पानावर असतं.

एका कानाला ऐकू येतं, दुसऱ्याला नाही. रेकॉर्डिंग स्टिरिओ झालं आणि आवाज एकाच बाजूला टिपला गेला. दोन भावंडं एकच इअरफोन वाटून घेतात, तेव्हा उजवी बाजू कानात घातलेलं मूल नुसतं बसून राहतं. मोनो केलं की हा प्रश्नच मिटतो.

रेकॉर्डिंगची कृती

ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर मोफत आहे, विंडोज, लिनक्स आणि मॅक तिन्हींवर चालतं.

पंखा बंद करा, खिडकी लावा. पंख्याची घरघर आणि 'स' ची सळसळ दाबताना एकमेकींत मिसळतात. माइक तोंडासमोर न धरता थोडा बाजूला धरा, म्हणजे 'फ' आणि 'भ' ची हवा त्यावर आदळणार नाही.

मोनो आणि ४४,१०० हे आकडे निवडून आधी एकच वाक्य रेकॉर्ड करा. लाट वरच्या-खालच्या कडेला टेकत असेल तर आवाज कमी करा. टोकं कापली गेलेला आवाज नंतर कोणत्याही फॉरमॅटने सुधारत नाही.

सगळे शब्द सलग म्हणा, मध्ये सेकंदभर थांबा. नंतर प्रत्येक शब्द निवडून कंट्रोल आणि बी दाबा आणि त्याला नाव द्या. शेवटी लेबलांप्रमाणे वेगवेगळ्या फाइली काढायची सोय एक्सपोर्टमध्ये आहे. पन्नास शब्दांच्या पन्नास फाइली एका झटक्यात निघतात.

आधी वेव्ह काढा आणि ती 'मूळ' नावाच्या फोल्डरमध्ये ठेवा. त्या फोल्डरला परत हात लावायचा नाही. मग त्याच रेकॉर्डिंगमधून एमपी३ काढा आणि 'वाटप' या फोल्डरमध्ये ठेवा. उद्या नवा फॉरमॅट आला तर मूळ वेव्हवरून नवी प्रत निघेल. मूळ ठेवलं नाही, तर हातात फक्त गूळ.

वर्गात घेण्यासारखा उपक्रम

सातवी-आठवीला हे घेता येईल. 'साल, शाल, चार, चारा, जीभ, जाड' हे शब्द एका मुलीच्या आवाजात रेकॉर्ड करा. त्याच्या तीन प्रती काढा: वेव्ह, ६४ किलोबिटची एमपी३, आणि नमुन्यांचा दर ८,००० करून काढलेली तिसरी. कोणती प्रत कोणती हे न सांगता वाजवा. मुलांनी डोळे मिटून ऐकायचं आणि ऐकलेला शब्द वहीत लिहायचा. कुठल्या प्रतीत 'साल' आणि 'शाल' मध्ये गोंधळ झाला, ते फळ्यावर मांडा. मग तिन्ही फाइलींचे आकार बघून कुणी किती जागा वाचवली आणि काय गमावलं, याची चर्चा करा. विज्ञान, गणित आणि मराठी असे तिन्ही तास यात होतात.

पालकांसाठी दोन शब्द

शाळेतून आलेली फाइल वाजली नाही तर "फोन जुना आहे, चालायचंच" असं म्हणून सोडून देऊ नका. कोणता फोन आहे, फाइलच्या नावात टिंबानंतर काय लिहिलंय आणि स्क्रीनवर काय संदेश आला, एवढं बाईंना किंवा सरांना कळवा. त्यावरून बहुतेक वेळा दोष सापडतो आणि नवी प्रत पाच मिनिटांत निघते. आजी-आजोबांची गाणी, ओव्या रेकॉर्ड करत असाल तर व्हॉट्सॲपच्या निरोपात नका करू. फोनच्या रेकॉर्डरमध्ये सर्वांत चांगला दर्जा निवडा आणि ती फाइल एखाद्या संगणकावर किंवा पेनड्राइव्हवरही ठेवा.

आणि शिक्षकांसाठी शेवटचं. पाठ तयार झाला की तो आपल्या फोनवर नाही, वर्गातल्या सगळ्यात जुन्या फोनवर आधी वाजवून बघा. तिथे 'चार' आणि 'चारा' वेगळे ऐकू आले, की तो पाठ सगळ्यांना द्यायला हरकत नाही.